गच्चीवरील पाणी आणि गच्चीवरील ऊन

आमच्या शाळेचा हजेरीपट पाहून कोणत्या वस्तींत कोणत्या दिवशीं नळ येतो हें सांगतां येतें, असें म्हटलें तर वाचकांस ती थट्टा वाटेल. पण ती गोष्ट खरी आहे. ज्या वस्तीची पाळी असते, तेथील मुलें त्या दिवशीं पहिल्या तासास येत नाहींत. आणि त्यांतहि मुलांपेक्षां मुलींच्या नांवांपुढें फुल्या अधिक पडतात. कारण विचारावें, तर उत्तर ठरलेलें: "सर, आज आमच्याकडे पाणी होतें." परगांवच्या माणसास हें वाक्य चमत्कारिक वाटेल. पाणी होतें म्हणून शाळा बुडाली! ज्यानें या शहरांत चार उन्हाळे काढले आहेत त्यास मात्र त्याचा अर्थ विचारावा लागत नाहीं.

आमच्या छत्रपति संभाजीनगरास, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेस, पाण्याची विद्या नवी नाहीं. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबरानें जमिनीखालून नहरी काढून गांवांत पाणी खेळविलें. इंजिन नाहीं, पंप नाहीं, सारें काम उताराच्या बळावर. इ. स. १७४४ च्या सुमाराची पाणचक्की त्याच विद्येची साक्ष देत अजून उभी आहे. आज शहराची भिस्त पैठणच्या जायकवाडी धरणावर आहे. हें धरण १९७६ सालीं पुरें झालें. परंतु शहर धरणाहून पुष्कळ उंचावर असल्यामुळें पाणी दूरवरून उपसून चढवावें लागतें. नळ जुने झाले, वस्ती मात्र वाढत गेली. यामुळें अनेक वर्षें पुष्कळ वस्त्यांत चार-पांच दिवसांनीं, कधीं कधीं आठ दिवसांनींहि पाणी आलें. धरण भरलेलें आणि घागर रिकामी, असा हा प्रकार. नव्या मोठ्या नळयोजनेचा पाया २०२० सालीं घातला गेला. लातूरकरांनीं तर याहून कठीण दिवस पाहिले. मांजरा धरण आटल्यामुळें २०१६ च्या एप्रिलांत त्यांच्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या व त्यांत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें.

जेथें नळ रोज वाहत नाहीं, तेथें प्रत्येक घर आपलें लहानसें धरण बांधतें. अंगणांतील हौद, न्हाणींतील पिंप आणि गच्चीवरील काळी टांकी हीं त्या धरणाचीं अंगें होत. टांकी केवढी असावी याचें गणित सोपें आहे. तरी तें मांडणारीं घरें थोडींच. घरांतील माणसें, दर माणशीं रोजचें पाणी आणि दोन पाळ्यांमधील दिवस यांचा गुणाकार करावा. पांच माणसें, दर माणशीं ७० लिटर आणि पांच दिवस, म्हणजे १,७५० लिटर झाले. एखादी पाळी लांबते, म्हणून २,००० धरावे. आतां एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. तेव्हां दोन हजार लिटर म्हणजे वीस क्विंटल. वीस क्विंटल धान्याच्या गोण्या गच्चीच्या मध्यभागीं कोणी शहाणा मनुष्य रचून ठेवणार नाहीं. पण पाण्याचें वजन डोळ्यांत भरत नाहीं, म्हणून टांकी मात्र स्लॅबच्या ऐन पोटावर ठेवलेली आम्हीं पाहिली आहे. ती खांबांच्या डोक्यावर किंवा तुळयांवर बसवावी, आणि तिचें बूड सगळीकडे टेकेल असा सपाट ओटा खालीं असावा. चार विटांवर तोललेली प्लास्टिकची टांकी कांहीं उन्हाळ्यांनंतर बुडाशीं चिरते, आणि तीहि बहुधा भरलेली असतांनाच.

टांकी काळी कां, असा प्रश्न एका मुलानें वर्गांत विचारला होता. तो चांगला प्रश्न आहे. पाण्यांत प्रकाश शिरला कीं शेवाळ धरतें. काळें प्लास्टिक प्रकाश अडवितें. पण तोच काळा रंग ऊन पितो. वैशाखांत दुपारीं गच्चीवरील टांकीचा नळ सोडावा, तर हाताला चटका बसतो. आणि मार्गशीर्षांत सकाळीं तोच नळ सोडावा, तर बोटें गारठतात. म्हणजे ज्या ऋतूंत ऊन नको त्या ऋतूंत टांकी तें सांठविते आणि पाहिजे त्या ऋतूंत तें रात्रींतून गमावते! बाहेरून पांढऱ्या आणि आंतून काळ्या पदराच्या टांक्या आतां मिळतात. त्यांत हें वैगुण्य कमी असतें. जुन्या टांकीस बाहेरून पांढरा रंग दिला, किंवा वर गवती छप्पर केलें, तरी पुष्कळ फरक पडतो.

येथें घरांतील वडील मंडळींची क्षमा मागून एक गोष्ट सांगावयाची आहे. नवें पाणी आलें कीं "शिळें" पाणी ओतून देण्याची चाल आमच्या पुष्कळ घरांत आहे. आम्ही स्वतः लहानपणीं आजीच्या सांगण्यावरून भरलेल्या कळशा तुळशीपाशीं रित्या केल्या आहेत. तुळशीस तरी त्या लाभल्या, आतां त्या मोरींत जातात. पाणी हें भाकरीसारखें शिळें होत नाहीं. झांकलेल्या, स्वच्छ भांड्यांतील पाणी पांच दिवसांनीं पाणीच राहतें; त्यांतील क्लोरीन तेवढें उडून जातें, म्हणून पिण्याचें पाणी उकळून अथवा गाळणयंत्रांतून घ्यावें. परंतु धुण्यास, भांड्यांस व न्हाण्यास त्यांत कांहीं उणें नसतें. घरांतून दर पाळीस शंभर लिटर ओतले गेले, तर एका माणसाचें सुमारें दीड दिवसाचें न्हाणें, धुणें नि पिणें मोरींत गेलें असें समजावें.

पाण्यास शिळेपण येत नसलें, तरी पाहुणे मात्र येतात. डेंग्यू पसरविणारा एडिस डांस घाण डबक्यांत नव्हे, तर घरांतील स्वच्छ पाण्यांत अंडीं घालतो. तीं अंडीं पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर भांड्याच्या भिंतीस चिकटलेलीं असतात, आणि कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने जिवंत राहतात. उबदार हवेंत अंड्यापासून उडणारा डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. नळाच्या पाळ्या आणि डांसांचें बालपण यांचा असा मेळ बसतो कीं, तो मुद्दाम बसविला असता तरी इतका नीट बसला नसता. नुसतें पाणी बदलून भागत नाहीं. पाळीच्या आदल्या दिवशीं पिंप जवळजवळ रिकामें असतें, तेव्हां त्याची आंतली बाजू काथ्यानें घांसून काढावी, व भरल्यावर झांकण नसेल तर जुन्या पातळाचें दुहेरी फडकें गच्च बांधावें. टांकीचें झांकण वाऱ्यानें उडून गेलें असल्यास तें शोधून आणण्याचें काम घरांतील चपळ मुलाकडे सोंपवावें.

आतां उन्हाकडे वळूं. ज्या गच्चीवर पाण्याची टांकी आहे, त्याच गच्चीवर वर्षांतून बहुतेक दिवस फुकट ऊन पडतें, आणि त्याच घरांत सकाळीं पाणी तापविण्यासाठीं वीज अथवा गॅस जळतो. आमच्या पिढीनें तांब्याचा बंब पाहिला आहे. पहांटे आई ढलप्या घालून तो पेटवी. धूर, राख, आणि शेवटच्या न्हाणाऱ्यास उरलेलें कोमट पाणी हें सारें आम्हांस आठवतें. गच्चीवरील नव्या यंत्रास लोकांनीं "सौरबंब" हें नांव दिलें तें आम्हांस फार आवडतें. त्यांत जुनें भांडें आणि नवा जाळ दोन्ही आले.

ही युक्ति कालची नव्हे. इ. स. १७६७ मध्यें द सोस्यूर नांवाच्या स्विस शास्त्रज्ञानें कांचेच्या झांकणांची एक पेटी उन्हांत ठेवून तिच्यांतील उष्णता पाणी उकळण्याच्या मर्यादेपलीकडे नेली होती. पुढें १८९१ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं क्लॅरेन्स केम्प यानें काळ्या रंगाच्या टांक्या कांचेच्या पेटींत बसविल्या व त्या "क्लायमॅक्स" या नांवानें विकल्या. दुपारनंतर त्यांतून गरम पाणी मिळे. पण रात्रभर तें पाणी त्या कांचेखालींच राही, त्यामुळें सकाळपर्यंत निवून जाई. आमच्या गच्चीवरची काळी टांकी म्हणजे कांच नसलेला केम्पचाच बंब होय. १९०९ सालीं कॅलिफोर्नियांत विल्यम बेली यानें त्यांतील खरें मर्म ओळखलें: ऊन घेणारें अंग निराळें करावें आणि पाणी सांठविणारें अंग निराळें करून तें पांघरूण घालून ठेवावें. त्या दिवसापासून आजपर्यंत सौरबंबाची मांडणी मूलतः तीच आहे.

तिचें काम असें चालतें. काळ्या पत्र्यास जोडलेल्या बारीक तांब्याच्या नळ्या कांचेच्या पेटींत तिरप्या ठेवलेल्या असतात. त्यांतील पाणी तापलें कीं हलकें होतें व वर चढून टांकींत शिरतें. त्याच्या जागीं टांकीच्या तळचें थंड, जड पाणी खालीं उतरतें. असें चक्र सूर्य आहे तोंवर आपोआप फिरत राहतें. चुलीवरच्या पातेल्यांत तळचें पाणी वर येतांना आपण पाहतों, तोच हा प्रकार. मात्र यासाठीं टांकी नळ्यांच्या माथ्याहून वर असावी लागते. ती खालीं असली तर रात्रीं चक्र उलटें फिरूं लागतें व मिळविलेली ऊब आकाशास परत जाते. दुसऱ्या जातींत पत्र्याऐवजीं दुहेरी कांचेच्या नळ्या असतात. दोन कांचांमधील हवा काढून टाकलेली असते, आणि आंतल्या कांचेवर काळा लेप असतो. चहाच्या थर्मासचें तत्त्व उन्हाच्या कामीं लावलें, एवढेंच.

विद्यार्थ्यांनीं पुढील हिशेब वहींत मांडून पाहावा. एक लिटर पाणी एक अंशानें तापविण्यास एक किलोकॅलरी लागते. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यावयाचें, तर ४,००० किलोकॅलरी लागल्या. विजेचा एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणून हें काम सुमारें साडेचार युनिटांचें झालें. आमच्या भागांत निरभ्र दिवशीं एका चौरस मीटरावर पांच युनिटांच्या आसपास ऊन पडतें. दोन चौरस मीटरांवर दहा युनिट पडलें, त्यांतील निम्में पाण्यांत उतरलें, तरी काम भागतें. म्हणूनच शंभर लिटरांच्या सौरबंबास साधारण दोन चौरस मीटर पृष्ठभाग देतात. ४,००० किलोकॅलरी एक किलो कोरड्या लांकडांतहि असतात. पण आईच्या बंबास एक किलो लांकूड कधींच पुरलें नाहीं, कारण त्यांतील मोठा वाटा धुराबरोबर धुराड्यानें निघून जाई.

यंत्राचें तोंड दक्षिणेस असावें व तें सुमारें तीस अंश कललेलें असावें. आमचें शहर जवळजवळ २० अक्षांशांवर आहे, तेव्हां इतका कल कां, असें कोणी विचारील. गरम पाण्याची गरज हिवाळ्यांत असते, आणि हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे झुकतो. म्हणून अक्षांशांत दहा मिळवावे. डिसेंबराच्या अखेरीस माध्यान्हींसुद्धां सूर्य क्षितिजावर सुमारें ४७ अंशच चढतो, आणि भिंतीची सावली जवळजवळ भिंतीइतकीच लांब पडते. म्हणून दक्षिणेस शेजाऱ्याची टांकी अथवा जिन्याची खोली असेल, तर तिच्या उंचीहून अधिक अंतर सोडावें. मे महिन्यांत गच्ची पाहून जागा ठरविणारे येथेंच फसतात.

आमच्या घरची एक फजिती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सौरबंब बसविल्यानंतर कांहीं महिन्यांनीं आम्हीं थंड पाण्याच्या टांकीखालीं नवा उंच ओटा बांधला. वरच्या न्हाणींत धार जोरानें यावी हा हेतु. धार उत्तम आली. पण त्यानंतर गच्चीवर रात्रीं पाणी वाहूं लागलें. जोड तपासले, नळकाम करणाऱ्यास दोनदां बोलाविलें. तो येई तेव्हां सर्व कोरडें! दोन महिने हा लपंडाव चालला. शेवटीं ध्यानांत आलें कीं, पाणी केवळ नळाच्या दिवशीं, टांकी कांठोकांठ भरल्यावरच वाहतें. सौरबंबाच्या टांकीस हवा व वाफ जाण्यासाठीं एक उभी उघडी नळी असते. ती थंड टांकींतील पाण्याच्या पातळीहून उंच असावी लागते. आम्हीं टांकी उंचावली आणि नळी होती तेवढीच ठेवली. एकमेकांस जोडलेल्या भांड्यांत पाणी समपातळींत राहतें हा नियम आम्ही दरवर्षीं नववीच्या वर्गांत शिकवितों, आणि तो आमच्याच गच्चीवर आठवड्यांतून एकदां आम्हांस शिकवीत होता. तीन फूट नळी वाढविली, आणि प्रकरण संपलें. त्या दोन महिन्यांत किती पाणी गेलें याचा हिशेब आम्हीं मुद्दामच केलेला नाहीं.

पाणी अडखळत येणाऱ्या शहरांत सौरबंबाची आणखी कांहीं काळजी घ्यावी लागते. टांकी रिकामी पडली तर कांचेच्या नळ्या कोरड्याच तापतात, आणि दुपारीं नळ येऊन त्यांत एकदम थंड पाणी शिरलें तर त्या तडकतात. अशा वेळीं नळ्यांवर गोणपाट टाकावें व पाणी सूर्यास्तानंतर किंवा पहांटे सोडावें. टँकरचें अथवा बोअरचें पाणी बहुधा जड असतें. तें तापलें कीं नळ्यांत चुन्याचा पांढरा थर धरतो, जसा चहाच्या किटलींत धरतो तसा. बारीक नळ्या यानें गुदमरतात, व मग लोक उन्हास दोष देतात. राहिली गोष्ट नळींत अडकलेल्या थंड पाण्याची. गच्चीपासून तळमजल्याच्या न्हाणीपर्यंत वीस मीटर अर्ध्या इंची नळी असली, तर तिच्यांत सुमारें साडेतीन लिटर पाणी मावतें. गरम पाणी येईपर्यंत तें सोडून द्यावें लागतें. तें बादलींत धरावें. आणि घरच्या माणसांनीं तासातासाच्या अंतरानें न्हाण्यापेक्षां एकामागून एक न्हावें, म्हणजे नळी पुनः पुनः निवत नाहीं. "आधीं कोण" हें भांडण मात्र प्रत्येक घरानें आपलें आपण मिटवावें.

पश्चिम आशियांतील अम्मान या जॉर्डनच्या राजधानींत आमच्यासारखीच स्थिति आहे. त्या देशांत दर माणशीं वर्षास शंभर घनमीटरांहूनहि कमी नैसर्गिक पाणी मिळतें, आणि शहरांत पुष्कळ ठिकाणीं नळ आठवड्यांतून एकदां येतो. तेथील गच्च्यांवर टांक्यांच्या रांगा आणि त्यांच्या शेजारीं उन्हाकडे तोंड केलेल्या कांचा दिसतात. लगतच्या इस्रायलांत १९८० च्या कायद्यानें नव्या राहत्या घरांवर सौरबंब बसविणें भागच केलें आहे. पावसाचें पाणी गच्चीवरून हौदांत घेण्याची रीत त्या प्रदेशांत फार प्राचीन आहे. आमच्याकडे वर्षास सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या हिशेबानें ५० चौरस मीटरांच्या गच्चीवर ३५,००० लिटर उतरतात. पहिल्या सरींचें धुळीचें पाणी सोडून पांच हजार लिटर जरी हौदांत धरलें, तरी पांच माणसांचें पिण्याचें व स्वयंपाकाचें पाणी, रोज चाळीस लिटर धरून, चार महिने पुरेल.

हें सारें लिहितांना एक गोष्ट आम्हांस टोंचत होती. ज्यांस गच्ची आहे त्यांचीच ही विद्या. पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्यानें वीस क्विंटल पाणी कोठें ठेवावें? शिवाय, ज्यांच्या गच्चीवर मोठी टांकी असते त्यांपैकीं कांहीं जण नळासच मोटार जोडून पाणी ओढतात. त्यामुळें पुढच्या घरांची धार करंगळीएवढी होते. आणि नळ फुटका असला तर त्या ओढीनें गटाराचें पाणीहि आंत शिरतें, तें मोटारवाल्याच्या टांकींतहि जातें.

गेल्या वर्षीं नववींतील एक मुलगी पाळीच्या दिवशीं नेमानें गैरहजर राही. आईवडील पहांटेच कामास जात. धाकटीं भावंडें लहान. नळ सकाळीं कोणत्याहि वेळीं येई, म्हणून कळशी घेऊन बसणें हिच्याकडे. वर्गानें हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या तासास घेतला. माणसें पांच, दर माणशीं ४० लिटर, पांच दिवस: १,००० लिटर. पत्र्यावर टांकी ठेवणें अशक्य. मग पाळीच्या दिवशीं तिच्या नळास पारदर्शक नळी लावून ती उभी धरली. पाणी साडेतीन फुटांपर्यंत चढलें, त्यावर चढेना. तेव्हां टांकीचें तोंड त्याच्या खालींच असलें पाहिजे. पालकांनीं विचार करून दाराशीं जमिनीवर ५०० लिटरांच्या दोन बुटक्या टांक्या ठेवल्या व त्या बुडाशीं एका नळीनें जोडल्या; पहिलीच्या तोंडाशीं बॉलकॉक बसविला. पाणी भरलें कीं तरंगता गोळा वर येऊन नळ बंद करतो; कोणी जवळ बसावें लागत नाहीं. न्हाण्याचें पाणी अजून चुलीवरच तापतें.

ती आतां दहावींत आहे. पाळीच्या दिवशींहि पहिल्या तासास हजर असते. टांक्या भरल्या कीं नाहीं, हें तिला संध्याकाळीं घरीं गेल्यावर कळतें.